एसटी स्टँडासमोरची न्याहारी

देशावरच्या तालुक्याच्या गावात न्याहारीचे हॉटेल बहुधा दोन ठिकाणी सापडते: एसटी स्टँडासमोर किंवा मामलेदार कचेरीच्या वाटेवर. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला गेली. पुढे गावोगावी स्टँड झाले, आणि पहाटेच्या गाडीने जाणारा, रात्रीच्या गाडीतून उतरलेला आणि गाडी चुकलेला असे तिन्ही प्रकारचे भुकेले एका जागी जमू लागले. कचेरीचे गिऱ्हाईक निराळे. सातबारा, फेरफार किंवा कोर्टाची तारीख घेऊन आलेला माणूस साहेब येईपर्यंत कुठेतरी बसणारच. ठाण्याच्या मामलेदार मिसळीला तर नावच कचेरीच्या शेजारामुळे मिळाले.

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात असे हॉटेल सहसा एकाच कुटुंबाचे असते. थोरला भाऊ गल्ल्यावर, धाकटा भटारखान्यात, म्हातारे वडील दाराशी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम करायला. पगारी आचारी असलाच तर त्याला वस्ताद म्हणतात आणि त्याचा रुसवा मालकाच्या रुसव्यापेक्षा महाग पडतो. घरातल्या बायका पुढच्या दालनात क्वचितच दिसतात, पण वर्षाची कांदा-लसूण चटणी त्यांच्या देखरेखीखाली होते. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, रंगासाठी ब्याडगी किती आणि तिखटासाठी संकेश्वरी किती हे ठरवायचे, कांडपावर उभे राहून कुटून घ्यायचे, ही कामे बाहेरच्याच्या हाती दिली जात नाहीत. हॉटेलाची म्हणून जी चव गावात नावाजली जाते, ती बहुतेक वेळा घरातल्या एखाद्या बाईच्या हातची असते. पाटीवर नाव मात्र तिच्या सासऱ्याचे असते.

या धंद्यात स्वयंपाक येणे पुरेसे नसते. अंदाज यावा लागतो. न्याहारीचा माल सकाळी दहा-साडेदहापर्यंत संपला पाहिजे. उरला तर तोटा, आणि आठलाच संपला तर त्याहून मोठा तोटा, कारण परत गेलेले गिऱ्हाईक समोरच्या हॉटेलात जाऊन बसते आणि तिथली चव त्याच्या जिभेला लागते. शिवाय हा अंदाज ऐन वेळी करता येत नाही. मिसळीची मटकी आठ-दहा तास भिजवावी लागते, मग उपसून फडक्यात बांधून आणखी दहा-बारा तास ठेवावी लागते. म्हणजे मंगळवारी सकाळी किती माणसे येतील, हे सोमवारी सकाळीच ठरवावे लागते. किलोभर मटकीत वाटीच्या मापाप्रमाणे साधारण पंचवीस-तीस प्लेटी होतात. थंडीत मोड लवकर येत नाहीत, म्हणून बोचके भट्टीच्या उबेला ठेवतात. उन्हाळ्यात उलटी भीती. मोड लांबतात, वास येऊ लागतो, आणि मग एक वेळचे पाणी बदलणेही चुकवून चालत नाही. भिजूनही कडक राहिलेला गणंग दाणा वेचून काढला नाही तर तो नेमका दात दुखत असलेल्या माणसाच्या प्लेटीत जातो, असा भटारखान्यातला अनुभव आहे.

अंदाज ज्यांवर बसतो त्या गोष्टी पंचांगात, आभाळात आणि गावाच्या कामधंद्यात असतात. आठवडी बाजाराच्या दिवशी माल दुप्पट लागतो. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी वाढवावी लागते आणि तिची कढई, उलथने वेगळे ठेवावे लागते. उपवासाच्या पदार्थाला कांद्याचा चमचा लागलेला एखाद्या म्हातारीने पाहिला तर दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळते. पावसाच्या पहिल्या सरीला भजी, दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत परगावाहून मुलांबरोबर आलेले पालक, लग्नसराईत पहाटे थांबणारी वऱ्हाडाची जीप, यांचा हिशेब मालकाच्या डोक्यात असतो. ऊसपट्ट्यात आणखी एक हंगाम मोजावा लागतो. दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू झाले की ट्रॅक्टरचालक आणि बैलगाडीवाले रात्रभर उसाच्या रांगेत थांबून पहाटे चहाला येतात, आणि गळीत हंगाम संपला की तीच बाकडी पहाटे रिकामी दिसतात. हे सगळे कुठल्या वहीत लिहिलेले नसते. वडील आजारी पडून मुलगा गल्ल्यावर बसला की पहिले काही महिने माल एक तर उरतो, नाहीतर पुरत नाही.

दिवस पहाटे साडेचारच्या सुमारास सुरू होतो. आधी देवाजवळ उदबत्ती, मग भट्टी, मग दूध. घरगुती सिलेंडर १४.२ किलोचा असतो, हॉटेलचा निळा सिलेंडर १९ किलोचा. त्याचा भाव वाढला की आठवडाभरात चहाचा भाव वाढणार की कप लहान होणार, एवढाच प्रश्न उरतो. पहिले गिऱ्हाईक म्हणजे एसटीचे चालक-वाहक, पेपर टाकणारी मुले, दूध घालून परतणारे गवळी आणि हमाल. त्यांना खायला नको असते, चहा हवा असतो, आणि तो लगेच हवा असतो. या वेळचा चहा कडक आणि गोड लागतो. फुळकवणी चहा प्यायलेला वाहक पुन्हा त्या दारात पाऊल ठेवत नाही. अलीकडे गुळाच्या चहाची टूम आली आहे. ऊसपट्ट्यात ती शोभतेही, पण उकळत्या दुधात गूळ पडला की दूध नासण्याची भीती असते. म्हणून गूळ आधी पाण्यात चहापूड-आल्याबरोबर विरघळवून घेतात आणि तापवलेले दूध शेवटी घालून पातेले लगेच उतरवतात. घाईच्या वेळेला हे साधणे कठीण, त्यामुळे बरीच हॉटेले पाटी लावतात आणि वर्दळीच्या तासाला "गुळाचा संपला" म्हणून सांगतात.

साडेसहाला पोहे येतात. पोहे हा दिसायला सोपा आणि हॉटेलात अवघड पदार्थ आहे. घरी चार माणसांचे पोहे कढईतून थेट बशीत जातात. हॉटेलात तीच कढई दोन तास पुरवायची असते. जाड पोहे चाळणीत भिजवून निथळत ठेवायचे, फोडणीत शेंगदाणे, कढीपत्ता, मिरची, कांदा, हळद, मग पोहे, मीठ, चिमूटभर साखर आणि दणदणीत वाफ. त्यानंतर पातेल्याखाली उकळते पाणी ठेवून ते मऊ राखायचे. पाणी आटले की पोहे कोरडे पडतात आणि घशाला बसतात. वरून फार शिंपडले की त्यांचा गोळा होतो. जाणता वस्ताद म्हणून एकदम मोठा घाणा काढत नाही, लहान लहान दोन-तीन काढतो. त्यात श्रम वाढतात, पण नऊ वाजता आलेल्याला सातचे पोहे खावे लागत नाहीत. याच पोह्यांवर नागपूरकडे हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात आणि तर्री-पोहे म्हणून खातात. मराठवाड्यात आणि सोलापूरच्या बाजूला सकाळी भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला असतो. कोल्हापूरच्या माणसाला हे दोन्ही आवडतात, पण स्वतःच्या गावात तो मिसळच मागतो.

मिसळीची वेळ सात ते साडेनऊ. बशीत किंवा खोलगट प्लेटीत तळाला मटकीची उसळ, तिच्यावर थोडी बटाट्याची भाजी, मग शेव-चिवडा-फरसाण, वर चिरलेला कांदा, कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड, आणि सगळ्यावर कट. भाजलेले सुके खोबरे, कांदा, लसूण, आले, तीळ यांचे वाटण तेलात तेल सुटेपर्यंत परतायचे, त्यात घरची चटणी घालून गरम पाणी ओतायचे आणि मंद उकळत ठेवायचे. वर तरंगणारा लाल तवंग हीच कटाची ओळख. चटणी आधी तेलात जळली तर रंग काळपट येतो; ती पाण्यात घातली तर तवंगच येत नाही. पुण्याकडची मिसळ गोडसर असते आणि तिच्या तळाला अनेकदा पोहे असतात. नाशिकला काळ्या मसाल्याचा रस्सा, सोबत पापड आणि दही. कोल्हापुरात जुन्या रीतीने मिसळीबरोबर पाव नसून ब्रेडच्या जाड चकत्या येतात, आणि बाहेरचा माणूस त्याबद्दल तक्रार करून मग चार चकत्या जास्त खातो.

मिसळीचे अर्थशास्त्र मजेदार आहे. पाव किंवा ब्रेड मोजून मिळतो, कट मागेल तेवढा मिळतो. रिकाम्या प्लेटीकडे बोट दाखवले की पोऱ्या किटलीतून सॅम्पल ओततो आणि त्याचे पैसे लागत नाहीत. पण कटात तेल, खोबरे आणि चटणी असते, म्हणजे प्लेटीतली सगळ्यांत महाग गोष्ट फुकट आणि सगळ्यांत स्वस्त गोष्ट मोजून. मालकाचा हिशेब असा असतो की कट वाढला की पाव वाढतो आणि पाव संपला की चहा येतो. मिसळीवर सुटत नाही ते जादा पाव आणि चहावर सुटते. काही हॉटेलांनी दुसऱ्यांदा मागितलेल्या कटाचे पैसे लावायला सुरुवात केली. हिशेबाने ते चुकीचे नाही, पण जुनी गिऱ्हाइके त्याकडे अपमान म्हणून पाहतात, आणि त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

बटाटेवडे साधारण आठनंतर. बटाट्याचा हंगाम माहीत नसलेला आचारी इथे फसतो. शीतगृहातल्या बटाट्यातल्या पिठूळ अंशाची थंडीमुळे साखर होते. तो गोडसर लागतो आणि तळताना सारण बाहेर आले तर लगेच काळे पडते. कोवळा नवा बटाटा पाणी सोडतो आणि सारण चिकट होते. यावर तोड म्हणजे आदल्या संध्याकाळी उकडून रात्रभर कोरडे होऊ देणे. तेलाबाबत आता कायदा स्पष्ट आहे. १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे एकूण प्रमाण २५ टक्क्यांवर गेले तर ते तेल वापरता येत नाही. ते मोजण्याचे उपकरण तालुक्याच्या हॉटेलात सहसा नसते. तेल वर फेस धरू लागले, लवकर धूर सोडू लागले आणि वड्याच्या सालीवर तेलकट चकाकी राहू लागली की ते बदलायचे, ही जुनी खूण चालते. ती पाळली जाते का, हे मालकाच्या मनावर असते आणि नाकालाही कळते. उरलेला वडा दुसऱ्या दिवशी कटात बुडवून खपवतात असा कटवड्यावर जुना आरोप आहे. काही ठिकाणी तो खराही असेल, पण चांगल्या हॉटेलात कटवड्यासाठी वडा मुद्दाम ताजा आणि जरा जाड सालीचा काढतात, कारण शिळा वडा कटात पडताच विरघळतो. एवढ्यावरून गिऱ्हाइकाला परीक्षा करता येते.

कांद्याचा भाव हा या स्वयंपाकघरातला कायमचा घोर. लासलगावला भाव चढला की आठवडाभरात इथल्या मिसळीवरचा कांदा विरळ होतो, कांदाभजीच्या जागी कोबीची किंवा मिरचीची भजी येतात आणि "कांदा जादा मागू नये" अशी खडूने लिहिलेली पाटी लागते. भाव पडल्यावर कांदा परत येतो. पाटी मात्र बरेच दिवस तशीच राहते.

वर्दळीच्या वेळी पुढचे दालन आवाजावर चालते. "दोन मिसळ, एक पोहे, तीन हाफ" ही आरोळी भटारखान्यात जाते, आणि खाऊन उठलेल्या माणसाच्या पाठीमागून "निळा शर्ट, सत्तर!" ही आरोळी गल्ल्याकडे. लेखी बिल नसते. बारा टेबलांवर कोणी काय खाल्ले हे पोऱ्याच्या ध्यानात असते आणि तो क्वचितच चुकतो. चुकलाच तर बहुधा गिऱ्हाइकाच्या फायद्याचे चुकतो, कारण जादा सांगितलेले लगेच पकडले जाते. कडप्प्याच्या टेबलावर फडके फिरते, पाण्याचे पेले येतात, एकाच वर्तमानपत्राची पाने चार टेबलांवर वाटली जातात. भिंतीवर "आज रोख, उद्या उधार" आणि "राजकीय चर्चा करू नये" या पाट्या असतात. पहिली थोडीफार पाळली जाते. पूर्वी या पोऱ्यांत दहा-बारा वर्षांची मुले सर्रास असत. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेल-ढाब्यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवायला बंदी आली. मुले एका दिवसात दिसेनाशी झाली असे नाही, पण तपासणीच्या भीतीने आणि शाळेच्या ओढीने ती कमी होत गेली. आता टेबलावर परराज्यांतून आलेले तरुण आणि मोरीवर जवळच्या वस्तीतल्या बायका दिसतात. त्या बायकांचे हात सोड्याने आणि गरम पाण्याने फुटलेले असतात, आणि हॉटेलाच्या चवीबद्दल लिहिताना त्यांचा उल्लेख सहसा राहून जातो.

एका टेबलावर कोणी बसायचे, हा प्रश्न या पट्ट्याला नवा नाही. एके काळी चहाच्या दुकानांत अस्पृश्य मानलेल्यांसाठी कपबशा वेगळ्या ठेवल्या जात आणि त्यांना आत घेतले जात नसे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना भर वस्तीत हॉटेल काढून दिले. त्याचे नाव सत्यसुधारक. उच्चवर्णीय गिऱ्हाईक तिथे फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः जाऊन चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावा लागू लागला. चहाचा एक कप ही केवढी मोठी कृती असू शकते, हे त्या दुकानात उघड दिसले. तरीही वेगळ्या कपबशा खेड्यापाड्यांतून पुढे कितीतरी वर्षे राहिल्या. स्टँडाने मात्र एक काम न ठरवता केले. गाडी सुटायला दहा मिनिटे असताना शेजारी कोण बसला आहे, हे विचारायला कोणाला वेळ नव्हता.

बायकांचे येणे याहून संथ गतीने झाले. पुढच्या दालनात बाई एकटी बसली तर माना वळत, म्हणून "फॅमिली रूम" नावाची पडदा लावलेली कोंदट खोली असे. पंखा तिथलाच बिघडलेला आणि पाणी तिथेच उशिरा. कॉलेजात जाणाऱ्या मुली गटाने येऊ लागल्या आणि त्यांनी ती खोली नाकारली. पुढे शिक्षिका आल्या, बँकेतल्या कर्मचारी आल्या, आणि मग रविवारी सकाळी अख्खे घर मिसळ खायला बाहेर पडू लागले. रविवार हा आता आठवडी बाजारापेक्षा मोठा दिवस झाला आहे, आणि त्याची रीत वेगळी आहे. गर्दी नऊनंतर येते, टेबल लवकर सुटत नाही, मुलांना तिखट चालत नाही म्हणून इडली किंवा डोसा हवा असतो. उडपी हॉटेलांनी तालुक्यापर्यंत आणलेले हे पदार्थ मिसळवाल्या कुटुंबांनी त्यामुळेच शिकून घेतले. आंबवलेल्या पिठाने अंदाजाचे कोडे आणखी अवघड केले, कारण पीठ रात्री कमी फुगले तर सकाळी कोणाच्या हातात काही राहत नाही.

पैशांचा व्यवहारही पालटला. उधारीच्या वहीत पूर्वी शिक्षक, कारकून आणि हमाल यांची पाने असत. पगाराच्या दिवशी पान मिटवले जाई, आणि बदली झाली तर ते तसेच राही. आता गल्ल्याजवळचा डबा "साठ रुपये प्राप्त झाले" असे मोठ्याने सांगतो, सुट्या पैशांऐवजी गोळ्या देण्याची वेळ येत नाही आणि पोऱ्याची आरोळीही थोडी कमी झाली आहे. पार्सलसाठी २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि वर्तमानपत्रात वडा बांधायलाही मनाई झाली. गरम कट घरी न्यायचा कशात, याचे समाधानकारक उत्तर अजून सापडलेले नाही. जुनी गिऱ्हाइके घरून किटली किंवा डबा आणतात, आणि खरे तर तीच सोय सगळ्यांत चांगली आहे.

अलीकडे गावाबाहेरून बाह्यवळण रस्ता गेला की स्टँडासमोरच्या हॉटेलाचे चारचाकीतले गिऱ्हाईक तुटते. काही कुटुंबांत मग वाटणी होते. धाकटा भाऊ बाह्यवळणावर पत्र्याची मोठी शेड टाकतो, दाराशी चूल मांडून "चुलीवरची मिसळ" असा फलक लावतो, गाड्यांना जागा ठेवतो आणि दुपारी दोनपर्यंत न्याहारी देतो. तिथे एका प्लेटीचा भाव गावातल्यापेक्षा बराच जास्त असतो आणि कटाची चटणी त्याच घरची. थोरला स्टँडासमोरच राहतो. त्याच्याकडे पहाटेचे चालक-वाहक, कचेरीची माणसे आणि मुक्कामाला थांबलेले वऱ्हाड येते. भाव पाच रुपयांनी वाढवायचा असेल तर त्याला अजूनही महिनाभर आधी चर्चा करावी लागते.